घाईचे बिऱ्हाड

'थोड्या अवधीत बिऱ्हाड कसे हलवावे' ह्या विषयावर बोलाल का, असे मला विचारण्यात आले, तेव्हा प्रथम मला हसू आले. कॉलेजात मराठीचे तास घेणाऱ्या माणसाने सुतळी, गोणपाट आणि टेम्पो ह्यांविषयी काय बोलावे? पण विचारणारे गृहस्थ पुढे म्हणाले, "तुम्ही सांगलीत गावभागात राहता ना?" आणि माझे हसू तिथेच थांबले. गावभागात राहणाऱ्या माणसाला बिऱ्हाड हलवणे हा हसण्याचा विषय राहिलेला नाही. निदान २०१९ च्या श्रावणापासून तरी नाही.

सुरुवात मात्र मी साताऱ्यापासून करतो. माझे वडील सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण पुस्तकात वाचण्याआधी आम्ही ती अंगाने शिकलो. वाई, दहिवडी, पाटण आणि मधली दोन-तीन खेडी, एवढी गावे मी मॅट्रिकच्या आत पाहिली. बदलीचा हुकूम आला की साधारण आठ दिवस हातात असत. वडील हुकूम वाचून चष्मा काढून ठेवीत आणि आईकडे बघत. त्यानंतरचे सगळे आईचे. वडिलांकडे फक्त ट्रक ठरवणे आणि शाळेचा चार्ज देणे, ही दोन कामे उरत.

आईची पद्धत पक्की होती. जे नव्या घरी पहिल्यांदा लागणार ते सगळ्यांत शेवटी बांधायचे. स्टोव्ह, काड्याची पेटी, चहा-साखरेचे डबे, एक पातेले, गाळणे आणि चार कपबशा ही मंडळी एका वेगळ्या पिशवीत असत, आणि ती पिशवी ट्रकमध्ये नव्हे, तर आमच्याबरोबर एस. टी.त. लोणच्याच्या बरण्या गोधड्यांत गुंडाळायच्या. आजोबांचा काचेचा फोटो दोन वळकट्यांच्या मध्ये घालायचा. देव पितळी डब्यात, डबा आईच्या मांडीवर. पाटा-वरवंटा ट्रकच्या तळाशी. ट्रकवाल्याला आई एकच वाक्य सांगे, "भाऊ, खड्ड्यात हळू." आणि खरोखर, तिच्या साऱ्या बांधाबांधीचे सूत्र त्या एका वाक्यात होते. बदलीच्या बिऱ्हाडाचा शत्रू म्हणजे हिसका. आदळेल, फुटेल, कोचा पडेल, ह्या भीतीनेच प्रत्येक वस्तूची जागा ठरे.

हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे, की ह्याच कसबाने पुढे आम्हांला फसवले.

नोकरीच्या निमित्ताने मी सांगलीला आलो तो २००८ साली. म्हणजे २००५ चा महापूर मी पाहिलेला नव्हता. घर पाहायला गेलो तेव्हा मालकांनी बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवरची ऑइल-पेंटची एक तांबडी रेघ दाखवली. गुडघ्याच्या जरा वर. "पाच सालच्या पुरात पाणी इथवर आलं होतं. त्याच्या वर काही यायचं नाही," ते म्हणाले. बोलण्यात भीती नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. घरात एखादे जुने हत्यार असावे तसा. मीही ती रेघ पाहिली, मनात नोंद केली आणि भाडे ठरवले. पुढची अकरा वर्षे त्या रेघेखाली आमचा दिवाण होता.

आता थोडा भूगोल. कृष्णा महाबळेश्वराला उगम पावते, वाईवरून उतरते, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर तिला कोयना मिळते, मग ती सांगलीला येते. सांगलीला लागूनच हरिपूरला वारणा तिच्यात येते आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. म्हणजे पाऊस पडतो सातारा जिल्ह्यात आणि पाणी चढते सांगलीत. सांगलीत दिवसभर लख्ख ऊन असले तरी घाटाच्या पायऱ्या एकामागून एक बुडत जातात, हे नवख्या माणसाला खरे वाटत नाही. कोयनेच्या जलाशयाची साठवण १०५ टी. एम. सी.; त्या धरणाचे दरवाजे उचलले, की ते पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाखाली यायला साधारण एक दिवस लागतो, असे धरून चालावे. १९२९ साली बांधून झालेला हा पूल म्हणजे सांगलीकरांची फूटपट्टीच आहे. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. श्रावणात इथे माणसे एकमेकांना भेटली की 'काय, बरे आहात ना' असे विचारत नाहीत, 'किती झाले?' एवढेच विचारतात.

तेव्हा बदलीच्या हुकमाला आठ दिवस आणि नदीच्या हुकमाला एक दिवस, एवढाच हिशेब. पण बदलीचा हुकूम छापील असतो, खाली सही असते. नदीच्या हुकमावर सही नसते. तो वाचायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

२०१९ साली नागपंचमी ५ ऑगस्टला होती. त्याआधी चार दिवस साताऱ्याहून धाकट्या भावाचा फोन येत होता, "दादा, इकडे सूर्य दिसलेला नाही. जरा बघा हं." मी बघतच होतो. कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो! २००५ साली पाणी आयर्विन पुलाशी ५४ फुटांच्या आसपास गेले होते. आमच्या भिंतीवरची तांबडी रेघ म्हणजे ते ५४. मी फार तर ५५ धरले. म्हणजे रेघेच्या वर एक फूट. मग सगळे सामान रेघेच्या वर एक फूट उचलायचे, बस्स. कॉटच्या पायांखाली विटा दिल्या. पुस्तके टेबलावर आणि कपाटाच्या मधल्या फळ्यांवर चढवली. गव्हाचे पिंप ओट्यावर गेले. आईने जुन्या सवयीने बरण्या गोधड्यांत गुंडाळल्या, तांब्या-पितळेची भांडी पोत्यात भरली आणि देव डब्यात घेतले. सौ. म्हणाली, "अहो, आपण आईंना घेऊन विश्रामबागेला जाऊ या का?" मी तिला माझा हिशेब दाखवला. हिशेब इतका नेटका होता, की ती गप्प बसली. एम. ए. झालेल्या माणसाच्या हातात कागद असला म्हणजे घरातली साधी शहाणी माणसे गप्प बसतात, हा अनुभव बहुधा तुम्हांलाही असेल.

आमच्याकडे दूध घालणारा गवळी हरिपूरचा. सोमवारी सकाळी तो आला तो दूध न घेताच. "सर, म्हसरं काल रातीच काढली, मिरज रोडला नेऊन बांधली. आज दूध न्हाई." मी म्हटले, "एवढी घाई का केलीस?" तो म्हणाला, "म्हस होडीत बसत न्हाई की सर. वाट कोरडी हाय तवरच निघती ती." हे वाक्य मी तेव्हा नुसते ऐकले. आज ते मला आयर्विन पुलावरच्या आकड्यांपेक्षा मोलाचे वाटते.

पाणी घाटाकडून येईल म्हणून आम्ही पुढच्या दाराकडे डोळे लावून बसलो होतो. मंगळवारी रात्री ते मागून आले, मोरीतून. नदी फुगली की ओढे-नाले उलटे वाहू लागतात आणि गटारांतून पाणी घरात शिरते. पहाटेपर्यंत ते घोट्याला लागले, उजाडता उजाडता पोटरीला. वीज आधीच गेली होती. टेम्पोवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "गल्लीत गाडी येत नाही आता, सर. काल सांगायचं होतं." तेव्हा आई सत्तरीच्या पुढची, गुडघे दुखरे. तालमीतल्या दोन पोरांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवली आणि खुर्ची खांद्यावर घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत नेली. आईच्या मांडीवर देवांचा डबा होता. सौ.च्या हातात चहाची पिशवी. माझ्या डोक्यावर तांब्या-पितळेचे पोते. मुलीच्या पाठीवर तिचे दप्तर. अशी ही वरात दुपारी विश्रामबागेला एका सहकाऱ्याच्या घरी पोचली. चहा झाला. आईची पद्धत अगदी बरोबर ठरली: पहिला चहा पहिल्या पिशवीत होता.

आणि मग संध्याकाळी सौ.ने विचारले, "आईंचं इन्सुलिन?"

ते फ्रीजमध्ये होते. फ्रीज घरात होता. घर पाण्यात होते. मी नदीचा अर्धा अर्धा फूट मोजला होता, पण माझ्या यादीत आईचे औषध नव्हते, कारण बदलीच्या काळात घरात फ्रीजही नव्हता आणि इन्सुलिनही नव्हते. ती रात्र मी विसरणार नाही. सांगलीतली जवळची दुकाने बंद. चिठ्ठीही घरीच राहिलेली. नाव आठवत होते, मात्रा आठवत नव्हती. आई झोपते आहे की गुंगीत आहे, हे समजेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेला डॉक्टर मिळाले, रक्त तपासले, औषध सुरू झाले. मिरज हे दवाखान्यांचे गाव, आणि उंचावरचे. नाहीतर आज मी हे भाषण लिहू शकलो असतो की नाही, कुणास ठाऊक.

आमच्या शेजारी एक वृद्ध जोडपे राहते. मुलगा पुण्याला. आम्ही निघालो तेव्हा काका म्हणाले, "मुलाचा फोन येऊ दे, मग ठरवतो." मुलगा तिकडे वाट पाहत होता, की आईवडील काही म्हणतील. दोघेही एकमेकांच्या शब्दासाठी थांबले, आणि फोनची बॅटरी संपली. गुरुवारी, ८ ऑगस्टला, त्यांना गच्चीवरून होडीत उतरवून घेतले. काकू आजही त्याविषयी बोलत नाहीत. त्याच गुरुवारी पलूस तालुक्यात, येरळा आणि कृष्णा मिळतात तिथल्या ब्रह्मनाळ गावी पुरातून माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि कितीतरी जीव गेले, त्यांत बायका आणि लेकरे होती. ती माणसे बेसावध होती असे म्हणण्याचा मला काही अधिकार नाही. मी स्वतः एका दिवसाने वाचलो. मला एवढेच दिसते, की उशीर झाला म्हणजे जमिनीची वाट संपते आणि होडीची सुरू होते. आणि होडीत म्हैस बसत नाही, ट्रंक मावत नाही, आणि माणसाचाही भरवसा धरता येत नाही.

पाणी ५७ फुटांच्या वर गेले. माझ्या रेघेच्या वर साडेतीन फूट!

स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास घरी परतलो. दार उघडेना, कारण आतून फ्रीज आडवा पडला होता. रिकामा फ्रीज पाण्यावर तरंगतो आणि पाणी उतरले की जिथे वाटेल तिथे निजतो, हे मला नवीन होते. गॅसची टाकीसुद्धा तरंगते, अगदी भरलेलीसुद्धा. आमची टाकी रबरी नळी तोडून बैठकीच्या खोलीत आली होती. सुदैव, की तिच्या तोंडाची कळ सौ.ने जाताना बंद केली होती. गव्हाने फुगून पिंपाचे झाकण उडवले होते. कापसाच्या गाद्या पाणी पिऊन एवढ्या जड झाल्या, की चौघांना एक उचलेना. आणि पुस्तके! भिजलेली पुस्तके फुगून फळीत अशी घट्ट बसली होती, की एकही ओढून निघेना. कपाटाच्या बाजूच तडकल्या होत्या. वीस वर्षांची टिपणे, परीक्षेच्या वेळच्या वह्या, वडिलांचा पत्रव्यवहार, सारे राखाडी चिखलाचे एक ढेकूळ झाले होते. अर्थात माझे दुःख एकट्याचे नव्हते. सांगलीच्या नगर वाचनालयातले हजारो ग्रंथ ह्याच पाण्यात गेले.

आणि लोणच्याच्या बरण्या? जशाच्या तशा. वरून धुतल्या, झाकण काढले, आतला आंबा कोरडा ठणठणीत. म्हणजे आईने ज्यांना गोधड्यांत गुंडाळले त्यांना गोधडीची गरज नव्हती. मी डोक्यावरून नेले ते तांब्या-पितळेचे पोते घरीच राहिले असते, तर राख आणि चिंच लावून तासाभरात लखलखीत झाले असते. पाटा-वरवंट्याला तर पूर आला होता हेच कळले नसावे.

इथे मला तो फरक उमगला. बदलीत हिशेब हिसक्याचा करायचा, पुरात ओलाव्याचा. ट्रकमध्ये जे फुटते ते पाण्यात टिकते, आणि ट्रकमध्ये ज्याला काही होत नाही, म्हणजे कागद, धान्य, कापूस, विजेची यंत्रे, प्लायवूडची कपाटे, ते पाण्यात जाते. घरातल्या किमतीच्या वस्तूंची आपल्या मनातली उतरंड पुराच्या दिवशी उलटी करावी लागते. पितळ खाली, कागद वर. आणि औषध सगळ्यांच्या आधी, खिशात. हे त्या दिवशी सुचत नाही. हातघाईच्या वेळी हात जुन्या सवयीनेच चालतात. म्हणून ते कोरड्या दिवशी ठरवून, लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावे लागते. आमच्याकडे आता तसा कागद आहे. त्यावर अकरा ओळी आहेत, त्या सगळ्या तुम्हांला वाचून दाखवीत नाही, कारण तुमचे घर निराळे, तुमची माणसे निराळी. पहिल्या ओळीवर आईचे औषध आणि डॉक्टरांची चिठ्ठी आहे. शेवटच्या ओळीवर 'पितळेला हात लावू नये' असे मुलीने लाल शाईत लिहिले आहे.

सांगलीकरांना हे नवीन आहे असे नाही. हरिपुरात हळद साठवायची जमिनीखालची पेवे होती. आगीपासून निर्धास्त, उंदीर-किडीपासून निर्धास्त, वर्षानुवर्षे हळद टिकणारी. २००५ च्या पाण्याने त्यांतली कितीतरी निकामी केली. एका संकटासाठी केलेली उत्तम व्यवस्था दुसऱ्या संकटात कशी उपयोगी पडत नाही, हे त्या पेवांनी चौदा वर्षे आधी सांगून ठेवले होते. आम्ही त्याचा संबंध स्वतःच्या कपाटाशी लावला नाही, इतकेच.

पण खरे सांगायचे तर काय बांधावे हा प्रश्न दुय्यम आहे. बांधाबांध कुणीही करतो. अडते ते 'आता निघायचे' हे म्हणण्यापाशी. आमच्या घरात ते कुणी म्हणायचे, हे ठरलेले नव्हते. सौ. म्हणाली, मी हिशेब दाखवला. आई म्हणाली, "तू म्हणशील तसं." मी रेघेकडे पाहत राहिलो. शेजारी फोनकडे पाहत राहिले.

ह्या बाबतीत मला नरसोबाच्या वाडीचे उदाहरण फार आवडते. पाणी मंदिरात शिरले, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागले, की भाविक दक्षिणद्वाराच्या स्नानाला धावतात. पण पुजारी त्या वेळी दुसऱ्याच कामात असतात. पाणी चढू लागले, की उत्सवमूर्ती तिथून हलवून नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पाणी तिथेही आले, तर आणखी वर. ह्यात चर्चा नाही, 'मागच्या वेळी इतके आले नव्हते' असे कुणी म्हणत नाही. अमुक पायरी भिजली, की अमुक करायचे. देवाचेही बिऱ्हाड हलते, आणि ते वेळेवर हलते, कारण केव्हा हलायचे हे कुणा माणसाच्या धीरावर सोडलेले नाही, पायरीवर सोडलेले आहे.

तीच पायरी आम्ही घरासाठी शोधली. आयर्विन पुलाशी किती फूट झाले म्हणजे आमच्या उंबऱ्याला पाणी लागते? जुन्या रेघेवरून काढले: ५२. गल्ली त्याच्या दोन-तीन फूट आधीच बुडते, म्हणजे टेम्पो तेव्हाच बंद. तुम्ही कृष्णाकाठी राहत असाल तर हा आकडा तुम्हीही काढून ठेवा. गल्लीगल्लीला तो निराळा आहे. सखल वस्त्यांत तर धोक्याच्या रेषेच्या पुष्कळ आधी पाणी येते. मग त्या आकड्यातून बरेच फूट वजा करा. आमचे असे ठरले, की ४० झाले की आई, औषधे, कागद आणि शेजारचे काका-काकू निघतील, ४५ झाले की बाकीचे. ४० ला निघणे म्हणजे काही वेळा उगीच निघणे होईल, पाणी ४१ वर थांबेल, आपण चार दिवसांनी पिशव्या घेऊन परत येऊ आणि गल्ली हसेल. हसू दे. हे हसणे धरूनच आकडा ठरवावा लागतो, नाहीतर आपण पुन्हा भिंतीकडे पाहत बसतो.

दुसरी गोष्ट, जायचे कुणाकडे. ह्याबद्दल लोक फार संकोच करतात आणि शेवटी भर पावसात कुणाच्या तरी दारात उभे राहतात. ज्येष्ठातच विचारून ठेवावे. "आषाढ-श्रावणात आम्ही पाचजण चार-सहा दिवस आलो तर चालेल का?" असे सरळ विचारावे. नाही म्हणाले तर वाईट वाटू देऊ नये. कोरड्या दिवसाचा नकार परवडतो. आणि गेलो तर आपले तांदूळ, डाळ, अंथरूण-पांघरूण बरोबर न्यावे. २०१९ साली शहरात दूध मिळेना, पिण्याचे पाणी मिळेना, पुणे–बंगळूर महामार्गही कोल्हापूरजवळ दिवसचे दिवस बंद होता. अशा वेळी पाच पाहुणे म्हणजे यजमानाच्या घरातला दुसरा पूरच.

२०२१ च्या जुलैत ह्या कागदाची परीक्षा झाली. २२ तारखेला आणि त्या रात्री सातारा जिल्ह्यात असा पाऊस झाला, की महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पडला. त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खाली आले आणि माणसे घरांसकट गाडली गेली. वडिलांची बदली पाटणकडे होती तेव्हा तिकडचा डोंगर मी लहानपणी पाहिला आहे. नदी एक दिवसाची तरी नोटीस देते. डोंगर तेवढीही देत नाही. त्या लोकांना 'यादी करा, आकडा ठरवा' असे सांगणे म्हणजे क्रूरपणा होईल. तिथे बिऱ्हाड हलवायचे ते कायमचे, सुरक्षित जागी, आणि ते एकट्या कुटुंबाच्या हातचे काम नव्हे. त्यातून कोयनेचे खोरे हे हलवण्याच्या बाबतीत आधीच पोळलेले आहे. १९५४ साली धरणाचे काम सुरू झाले, तेव्हा तिथल्या गावांना काही एका रात्रीची नोटीस नव्हती, वर्षांची होती. तरी साठ वर्षांनंतरही त्यांतल्या कित्येक कुटुंबांच्या जमिनीचे आणि गावठाणाचे प्रश्न सुटले नाहीत. अवधी लांब असला म्हणजे हलणे सोपे होते, असे म्हणणाऱ्याने एकदा त्या धरणग्रस्तांशी बोलावे.

आमच्या घरचे सांगतो. ४० झाले, आणि कागदाप्रमाणे आई, काका, काकू निघाले. साथीचे दिवस होते. ज्येष्ठात ज्यांनी 'या' म्हटले होते त्यांनी एक खोली वेगळी करून दिली, आणि तोंडाला फडकी बांधून तिघे तिथे राहिली. गल्लीच्या कोपऱ्यावर एक जण म्हणालाच, "सर, ह्या वेळी काही येत नाही बघा." ४५ ला आम्ही निघालो. टेम्पो दारात उभा राहिला, कोरड्या रस्त्यावर. पुस्तके आधीच तीन पेट्यांत पोटमाळ्यावर गेली होती. फार उरलीही नव्हती म्हणा. गॅसची टाकी कळ बंद करून खिडकीच्या गजाला साखळीने बांधली. फ्रीजमध्ये पाण्याने भरलेल्या बादल्या ठेवल्या आणि दार दोरीने आवळले. ही युक्ती कुणी शिकवलेली नाही, चालली की नाही तेही नीट सांगता येत नाही, पण फ्रीज ह्या खेपेला उभा सापडला. बरण्या जागच्या जागी. पितळ जागच्या जागी. २५ जुलैच्या सुमारास पाणी ५५ फुटांजवळ गेले, घरात तीन फूट आले आणि गेले. परत आल्यावर दोन दिवस चिखल काढला. तिसऱ्या दिवशी काकूंनी शेजारून थालीपीठ पाठवले.

मालकांनी मग भिंती रंगवून घेतल्या. तांबडी रेघ गेली. रंगारी विचारीत होता, एकोणीस सालची खूण वर ठेवायची का? मालक म्हणाले, ठेवा. मी म्हटले, माझ्या खोलीत नको.

आता दर वर्षी मृग लागला की आई सकाळी उठल्या उठल्या विचारते, "किती झाले रे पुलाला?" मी म्हणतो, "आई, अजून बारा-तेराच आहेत."

"मग बस. चहा टाकते," ती म्हणते, आणि खरोखरच टाकते.